आस

जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावरून आमच्या आखाड्याच्या वाटेला लागले की पहिला अर्धा कोस नुसते काळे रान लागते आणि उरलेला अर्धा कोस नुसता दगड. आखाडा म्हटल्यावर बाहेरच्या वाचकाला कुस्ती आठवेल. आमच्या परभणीकडे आखाडा म्हणजे शेतातले घर: एक गोठा, एक कडब्याची गंज, दोन खोल्या, एक लिंबाचे झाड. परभणीपासून सपाट चालत आलेल्या जमिनीला जिंतूरला आल्यावर एकाएकी डोंगराची आठवण होते. नेमगिरीच्या टेकड्यांपासून पुढे पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत ती अशीच चढउतार करीत जाते. वर मुरूम आणि काळा पाषाण, खाली रेगड. या दोहोंच्या मध्ये आमचा ओढा आहे. उन्हाळ्यात त्याच्यात शेळीलादेखील प्यायला पाणी नसते. भाद्रपदात तो माणसाला विचारल्याशिवाय पलीकडे जाऊ देत नाही.

या ओढ्यापायी मी, एक निवृत्त शाळामास्तर, साठी उलटल्यावर मोटारीच्या पुढच्या आसाचा अभ्यास करू लागलो. आयुष्यभर भूमिती शिकवली. पण कोन म्हणजे काय हे मला या वयात, गाडीखाली उताणे पडून, डोळ्यांत गंज पडल्यावर समजले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आखाड्यावर होतो. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, आणि वहिनी तिथेच राहतात. पुतण्या चाकणला कारखान्यात आहे. दिवेलागणीला वहिनी गोवऱ्या काढायला गेल्या आणि हाताला काहीतरी चावले म्हणून ओरडल्या. दादाने कंदील नेऊन पाहिले. घोणस होती. अंगठ्याच्या बुडाशी दोन टिपके आणि बघता बघता मनगटापर्यंत सूज.

आखाड्यावर तेव्हा एक जुनी पिकअप होती. चारी चाकांना जोर जाणारी, पुतण्याने मोठ्या हौसेने कुठूनशी जुनी घेऊन दिलेली. तिच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ती गाडी सडकेसाठी केलेली होती आणि आम्ही तिला ओढ्यात घातली होती. वहिनींना मधे बसवून मी निघालो. ओढ्याच्या मधोमध उजवे चाक एका खळग्यात लोंबकळले, मी चाक वळवले, जोर दिला, आणि पुढून कुणी लोखंडी तवा फोडावा तसा आवाज झाला. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला होता. त्या सांध्यावर रबराचा बूट असतो. तो दोन महिन्यांपूर्वीच फाटला होता, आणि मी "दिवाळीनंतर बघू" म्हटले होते. तेवढ्यात त्यातून चिखल आणि वाळू आत गेली होती. एक दांडा तुटला की पुढच्या दोन्ही चाकांचा जोर त्या तुटक्या बाजूने वाया जातो. मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरत राहिली. खालची भुजा दगडावर टेकली ती टेकलीच.

दादा काही बोलला नाही. तो उलट्या पावली आखाड्यावर गेला आणि बैलगाडी जुंपून घेऊन आला. त्या गाडीने आम्ही ओढा ओलांडला. एक चाक दगडावर चढे, साटी कलंडे, वहिनी माझ्या अंगावर येत, मग दुसरे चाक चढे. पण गाडी थांबली नाही. डांबरी रस्त्याला पोहोचायला तास लागला असेल. तिथे भावकीतल्या एकाची जीप उभी होती. दवाखान्यात सर्पविषावरची लस मिळाली. वहिनी वाचल्या. अंगठा मात्र अर्धवट वाकलेला राहिला. भाकरी थापताना त्या तो बाजूला ठेवतात.

पिकअप महिनाभर ओढ्याच्या काठाला होती. मग तिला बैलांनीच ओढत आखाड्यावर आणली. माझ्या मनात त्या रात्रीचे एकच चित्र राहिले होते. चार चाकांच्या, डिझेलवर चालणाऱ्या गाडीला जे जमले नाही ते दोन चाकांच्या गाडीला कसे जमले?

जिंतूरला बसस्थानकामागे एक मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. वय माझ्याएवढेच. त्यांच्या दुकानात मी शंका विचारली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बैलगाडीला आस आहे. या गाडीला पुढं आसच नाही."

आमच्याकडे गाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला आस म्हणतात. चाचांनी समजावण्यासाठी पाना घेतला नाही. आखाड्यावर आले तेव्हा दादाचे जू उचलले. जुवाचे एक टोक वर केले की दुसरे खाली जाते. सलग आसाचेही तसेच. एक चाक दगडावर चढले की तेच वजन दुसऱ्या चाकाला खाली दाबते, म्हणजे ते चाक जमीन सोडत नाही. शिवाय मधला गोळा, ज्यात दातेरी चक्रे असतात, तो चाकांबरोबरच वर उचलला जातो. त्याच्या खालची उंची चाक जेवढे मोठे तेवढी कायम राहते. आमच्या पिकअपला पुढे प्रत्येक चाक आपापल्या भुजांवर सुटे होते. एक चाक खड्ड्यात गेले तर दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही. डांबरी रस्त्यावर हे फार सुखाचे असते. आतल्या माणसाला धक्का बसत नाही, गाडी वळणावर चांगली धरते. म्हणून आजच्या बहुतेक मोटारी तशाच असतात. पण दगडावर एकेका चाकाने आपापले बघून चालत नाही.

"हे बैल निरनिराळ्या दाव्यांनी बांधल्यासारखं आहे," चाचा म्हणाले. "गोठ्यात आराम. नांगराला काय उपयोग?"

उपाय त्यांनीच सांगितला. पुढच्या भुजा, सुटे दांडे, सारे कापून काढायचे. जुन्या जीपचा सलग आस आणायचा, त्याला पाटे लावायचे आणि पाट्यांवर गाडी बसवायची. जग हे करीत आले आहे, आणि कमी पैशांत करीत आले आहे. ज्यांना पैसे आहेत ते आसासकटच गाडी घेतात. 2023 साली आपल्याकडे विकायला आलेल्या मारुतीच्या जिम्नीलाही पुढे-मागे सलग आसच आहे. पण तेवढ्या पैशात आमची दोन एकर कोरडवाहू आली असती.

जुन्या जीपचे मला अप्रूप होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निघालेली विलीज जीप. 1947 पासून महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे दरेक तहसील कचेरीसमोर ती एक उभी असे. येलदरीचे धरण 1960 च्या दशकात बांधले जात होते तेव्हा इंजिनियर लोक जीपमधून यायचे. मी फार लहान होतो. अण्णा मात्र सांगत, की पुलाशिवायच्या ओढ्यात उतरणारी मोटार त्यांनी पहिल्यांदा तीच पाहिली, आणि ते पाहूनच त्यांनी आमच्या गाडीचा जुना लाकडी आस काढून लोखंडी बसवला. हे खरे की घरातली दंतकथा, कोण जाणे. लोखंडी आस मात्र खराच. 1972 च्या दुष्काळात त्याच गाडीने अण्णा आणि दादा रोजगाराच्या कामावर खडी वाहत. दादाचे ते मॅट्रिकचे वर्ष. त्याने परीक्षेचा अर्ज भरला नाही. मी सातवीत होतो. मला शाळेत ठेवले. एका घरातली दोन मुले त्या वर्षी शिकू शकत नव्हती, एवढाच त्याचा हिशेब होता. दादाने तो नंतर कधी उच्चारला नाही. मीही नाही.

तेव्हा या कामाचा खर्च मीच करायचा असे मी ठरवले. मर्यादा पन्नास हजारांची. पेन्शनमधून तेवढे निघत होते. दादाला मी तीस सांगितले.

आस शोधायला मी जालन्याला गेलो. जालन्याला देशभरातले भंगार येते. तिथल्या भट्ट्यांत ते वितळते आणि घरे बांधायच्या सळया होऊन बाहेर पडते. म्हणजे आस हवा असेल तर तो भट्टीत जाण्याआधी गाठला पाहिजे. एका वाड्यात मला जीपचे चार सांगाडे दिसले. चाचांनी निघताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. गोळा उजव्या बाजूला आहे ना ते बघा, कारण आपल्या गाडीच्या चारचाकी जोराच्या पेटीतून पुढचा शाफ्ट उजवीकडून निघतो. आणि चाकाजवळच्या गोलाकार टोप्या फुटलेल्या नाहीत ना ते बघा. मी दोन्ही पाहिले. भंगारवाला वजनाने देईना. नगावर अकरा हजार म्हणाला. मी साडेनऊला आणला. परत येताना टेंपोत त्या आसाशेजारी बसून मला फार बरे वाटत होते. मंठ्याला चहा घेतला तोही मी त्याच्यावर नजर ठेवून घेतला.

चाचांनी तो आखाड्यावर लिंबाखाली उतरवून घेतला, पुसला, आणि म्हणाले, "आता मोजू."

तिसरी गोष्ट सांगायला ते विसरले होते. मोजायचे असे: एक चाक घट्ट धरून ठेवायचे, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवायचे, आणि तेवढ्यात शाफ्टचे तोंड किती वेळा फिरते ते खडूची खूण करून पाहायचे. पुढच्या आसाने पाच फेरे आणि वर तिसऱ्या भागापेक्षा थोडे अधिक घेतले. पिकअपचा मागचा आस तसाच मोजला. चार आणि थोडे. म्हणजे पुढची चाके एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरायला बघणार. आणि चारी चाकांना जोर घातला की मधल्या पेटीत दोहोंची ओढाताण. एखादा दाता जाईल, नाहीतर पेटी जाईल.

मी आसाकडे पाहिले. साडेनऊ हजार अधिक टेंपो.

"आस वाया नाही जात," चाचा म्हणाले. "आतले दाते बदलायचे. पण क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यावे लागतात. एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचं क्राऊन, दुसऱ्याचं पिनियन, असं नक्को."

दादा तिथे विडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "बैलावाणी."

ती जोडी जुन्या बाजारात मिळाली नाही. नवी घ्यावी लागणार होती, वर बेअरिंगे, वर पाट्यांचा जुना संच, वर स्टिअरिंगचा डबा. मी रात्री हिशेब मांडला तो पंचाऐंशीवर गेला. दादाला मी पन्नास सांगितले. तेव्हा तीस सांगितले होते ते त्याच्या लक्षात होते. त्याने मान हलवली.

आठवड्याने मी सामान घेऊन आखाड्यावर गेलो. पिशवी ओसरीवर ठेवली आणि नेहमीच्या सवयीने गोठ्याकडे पाहिले. गाय होती, वासरू होते. दोन दावी खुंट्यांना गुंडाळून ठेवलेली होती.

"चरायला गेलेत?" मी विचारले.

"दिले," दादा म्हणाला. "सत्तरला गेले. चांगल्या घरी गेलेत. वाटेला लागताना धाकट्याने एकदा मागं बघितलं, थोरल्याने न्हाई." मग त्याने बंडीतून कागदात गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि माझ्या पिशवीवर ठेवल्या.

मी रागावलो. या वयात धाकट्याने थोरल्यावर रागावायचे नसते, पण मी रागावलो. त्या बैलांनीच वहिनींना त्या रात्री पलीकडे नेले होते. दवाखान्यातून आल्यावर वहिनींनी पहिली ओवाळणी त्यांना केली होती. मी म्हणालो, पैसे मी देणार होतो. तो म्हणाला, "तू पंचाऐंशीचे पन्नास सांगितलेस. मला आकडे येत न्हाईत व्हय?" मी गप्प बसलो. मग तो थोड्या वेळाने म्हणाला, "माझे गुडघे गेले आता. गाडी जुंपायला रात्री उठवंल का मला? पेरणी ट्रॅक्टरनंच होतीया. दोन जनावरं निस्ती बांधून ठेवायची, चारा विकत घालायचा. तू हे कशाला करायलास? तिच्यासाठीच ना? मग मला का बाजूला ठेवायलास?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यातले चाळीस हजार घेतले. बाकीचे वहिनींकडे दिले. दादाने ते पाहिले आणि पाहिले नाहीसे केले.

काम वैशाखात सुरू झाले. गाडी आखाड्यावर, म्हणून चाचाच आले, बरोबर एक पोरगा आणि वेल्डिंगचे यंत्र. आमच्याकडे शेतीची तीन फेजची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. त्यामुळे दिवसा खोलणे, कापणे, घासणे. आणि वेल्डिंग रात्री दहानंतर. शेजारच्या रानात लोक पाणी द्यायला मोटारी सुरू करीत आणि आमच्या लिंबाखाली निळा उजेड पडे. वहिनी ओसरीवर पदर डोळ्यांवर घेऊन बसत. चाचा वेल्डिंगपूर्वी दर वेळी बॅटरीची तार सोडत आणि चॅसीच्या लांब पट्टीवर आडवा टाका कधी घालत नसत. "आडवा टाका घातला की गाडी तिथंच चिरते," ते म्हणत. पट्टीच्या बाजूने, लांबीला, आणि जाड पत्र्याचे ठिगळ देऊन. त्यांच्या हाताची मला असूया वाटली. चाळीस वर्षे मी फळ्यावर सरळ रेघ काढली, पण त्यांच्यासारखी नव्हे.

आतले दाते बसवताना चाचांनी शेंदूर मागितला. दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चक्र फिरवायचे, आणि एका दात्याचा ठसा दुसऱ्यावर कुठे उमटतो ते बघायचे. ठसा दात्याच्या मधोमध हवा. टोकाकडे गेला तर पातळ चकत्या घालून किंवा काढून तो मधे आणायचा. शेंदूर गावात होता फक्त मारुतीच्या देवळात. दादा गेला आणि द्रोणात घेऊन आला. चाचांनी हात धुऊन तो घेतला. पाच वेळा ठसा पाहिला. पाचव्या वेळी तो मधोमध उमटला तेव्हा त्यांनी दादाला बोलावून दाखवला, जणू तो दादाच्या परीक्षेचा निकाल होता.

पाटे बसल्यावर एक काम राहिले होते, आणि ते बिघडवले मी. चाक ज्या खिळीवर वळते तिचा माथा थोडा मागे कललेला असावा लागतो. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. आस पाट्यावर बसवताना हा कल साधण्यासाठी मधे एक लोखंडी पाचर घालतात. चाचा दुसऱ्या बाजूचे बोल्ट आवळत होते; या बाजूची पाचर त्यांनी माझ्या हाती दिली आणि मी ती उलटी ठेवली. भूमितीच्या मास्तराने. मग त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून, मी ठेवली तशीच दुसरीही बसवली.

पहिल्या दिवशी गाडी काळ्या रानातल्या सपाट वाटेवर नेली. थोडा वेग घेतला आणि स्टिअरिंग हातात लटलटू लागले. पुढची चाके हिवतापाने धरल्यासारखी थरथरली. मी घाबरून ब्रेक दाबला. वळवल्यावर चाके आपोआप सरळही होत नव्हती. मागे बसलेला दादा ओरडला, "पाचर बघ." मी म्हणालो, पाचर नाही, दुसरेच काहीतरी असेल. परत येऊन पाहिले तर पाचरच. दादाने जन्मभर गाड्यांच्या पाचरी ठोकल्या होत्या. त्याला जाड बाजू कुठे असावी ते न मोजता कळत होते. बोल्ट ढिले केले, पाचरी फिरवल्या, पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग शांत होते.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण वाचकांपैकी कुणी आपल्या गाडीचे असे काही करायला जाईल. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम अशा बदलांच्या आड येते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की कारखान्याने जशी गाडी दिली तिचे मूळ स्वरूप बदलून ती नोंदवता येत नाही. मी हे कामाआधीच वाचले होते. आमची ओढ्याची वाट आमच्या आणि चुलत्यांच्या रानातून जाते. तेव्हा आम्ही ठरवले, की ही गाडी डांबरी रस्त्याला लागणार नाही. ती आखाड्यापासून डांबरापर्यंत माणूस आणील, आणि तिथे पुढच्या गाडीच्या स्वाधीन करील. बैलगाडीची हद्द होती तीच तिची. तिची नंबरपाटी काढून ओसरीत खुंटीला लावली आहे. पुतण्याला हे मान्य नाही. तो फोनवर म्हणाला, काका, एवढा खर्च करून गाडी जिंतूरलाही नेता येत नसेल तर काय उपयोग? मी त्याला ओढ्याचे नाव सांगितले. तो गप्प झाला. त्या रात्री तो चाकणला होता आणि त्याला पहाटे कळले होते.

आषाढात पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी ओढा गुडघाभर होता. वहिनींना अंगठा दाखवायला जिंतूरला जायचे होते, म्हणजे निमित्तही होते. त्या पुढे बसल्या. दादाला मी मागे बस म्हणालो. त्याने ऐकले नाही. हातात काठी घेऊन तो गाडीपुढे पाण्यात उतरला, गुडघे दुखत असताना, आणि काठीने दगड चाचपत चालू लागला. बैलांपुढेही तो असाच चालायचा.

मी चारी चाकांना जोर घातला, खालचा गिअर टाकला आणि पाय ब्रेकवरून काढला. गाडी माणसाच्या चालीने उतरली. उजवे चाक त्याच खळग्यात गेले. डावे वर चढले. माझा एक खांदा दारावर आदळला, वहिनींचा माझ्यावर. पाटे करकरले. पण खळग्यातले चाक या वेळी लोंबकळले नाही. ते तळाला टेकले होते, दाबून टेकले होते, आणि त्याला खाली धरून ठेवणारे वजन वरच्या चाकाचे होते. मला ते हातांत कळत होते. एक धक्का खाई आणि दुसऱ्याला लगेच कळे. आम्ही पलीकडे गेलो.

"लई आदळती," वहिनी म्हणाल्या. "त्यापरीस बैलगाडी बरी होती." त्यांचे खोटे नव्हते. चाचांना सांगितले तेव्हा त्यांनी पाट्यांतला एकेक पाटा काढून टाकला. तरी ती आदळतेच. सलग आसाची गाडी सुख देत नाही, हे चाचांनी आधीच सांगितले होते.

दादा पलीकडच्या काठावर काठी टेकून उभा होता. धोतर कमरेपर्यंत भिजले होते. मी थांबलो तसा तो गाडीजवळ आला, वाकला, आणि चिखलात हात घालून खालचा आस चाचपला. गोळा दगडाला लागला होता की काय ते तो बघत होता. लागला नव्हता.

श्रावणाच्या शेवटी खांदेमळणीच्या दिवशी मी आखाड्यावर गेलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळतात. पन्नास वर्षांत या घरात ते चुकले नव्हते. मला जावेसे वाटत नव्हते आणि न जाववतही नव्हते. वहिनी ओसरीवर एकट्याच पीठ मळत होत्या. दादा कुठे म्हणून विचारले तर त्यांनी वाकड्या अंगठ्याने गोठ्यामागे दाखवले.

बैलगाडी तिथे जू खाली टेकून उभी होती. तिच्याखाली कोंबड्या बसत असत. त्या हुसकल्या होत्या. दादाने एक चाक खुंटीतून उतरवून भिंतीला टेकवले होते आणि तो जमिनीवर बसून, चाचांनी मागे ठेवलेल्या डब्यातले ग्रीस बोटांनी आसाला लावीत होता, आतपर्यंत, जिथे तुंबा बसतो तिथपर्यंत. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"दुसरं चाक धर," तो म्हणाला.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि धरले.